तीन मिलिमीटरचा दात: कार्ल श्मिट आणि बूमस्लँग, शिकागो १९५७

२५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाकडून शहरातल्याच नैसर्गिक इतिहास संग्रहालयात एक साप आला. हे संग्रहालय आज फील्ड म्युझियम म्हणून ओळखलं जातं. प्राणिसंग्रहालयाचे संचालक मार्लिन पर्किन्स यांना सापाची ओळख पक्की करून हवी होती. साप आफ्रिकेतला, जिवंत, कोवळ्या वयाचा, लांबी ७६ सेंटिमीटर म्हणजे अडीच फूट. ज्यांनी तो हातात घेतला, त्या सर्पतज्ज्ञ कार्ल पॅटरसन श्मिट यांचा दुसऱ्या दिवशी दुपारी मृत्यू झाला. मधल्या काळात आपल्या शरीरात काय काय होत गेलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. त्यांचे सहकारी क्लिफर्ड पोप यांनी ती टिपणं १९५८ मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सर्पदंशाच्या इतिहासात इतकं जवळून लिहिलेलं प्रकरण दुर्मीळ आहे, म्हणून सर्पमित्रांच्या प्रशिक्षणात मी ते आवर्जून सांगतो.

बहुतेक ठिकाणी हे प्रकरण ‘विज्ञानासाठी शेवटच्या श्वासापर्यंत नोंद ठेवणारा संशोधक’ अशा थाटात सांगितलं जातं. श्मिट यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, पण ही मांडणी मला पटत नाही. त्यांच्या टिपणांत धोक्याच्या सगळ्या खुणा आहेत, ठळक आहेत, वेळेसकट आहेत. तरीही त्या खुणांचा अर्थ लावला गेला नाही. प्रकरण अभ्यासायचं ते यासाठी.

माणूस कोण होता

श्मिट तेव्हा ६७ वर्षांचे होते. १९२२ मध्ये ते या संग्रहालयात आले आणि १९४१ ते १९५५ या काळात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावरही त्यांचं येणं-जाणं, काम चालूच होतं. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली होती. नवशिक्या माणसाच्या हातून झालेली ही चूक नव्हती, एवढं यावरून कळावं.

आफ्रिकेच्या सापांशी त्यांची जुनी ओळख होती. तरुणपणी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीत असताना त्यांनी बेल्जियन काँगोतल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम केलं. त्यातला सापांचा भाग १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नमुने आले होते हर्बर्ट लँग आणि जेम्स चॅपिन यांच्या १९०९ ते १९१५ या काळातल्या मोहिमेतून. आफ्रिकेतली शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला साहेब आणि त्याच्या पायाशी सिंह येतो. पण त्याच काळात संग्रहालयांसाठी दुसऱ्या प्रकारची शिकार जोरात चालू होती. बेडूक, सरडे, साप पकडायचे, औषधात बुडवायचे, चिठ्ठी बांधायची आणि जहाजाने युरोप-अमेरिकेला पाठवायचे. या शिकारीतून आफ्रिकेच्या प्राणिजीवनाचं फार मोठं ज्ञान जमा झालं. मात्र बरणीतला साप खवले मोजू देतो, दात दाखवतो, पण चावत नाही. मेलेल्या नमुन्यांची वर्षानुवर्षं सवय झालेला हात जिवंत सापाशी कसा वागतो, हा प्रश्न या प्रकरणात मला वारंवार पडतो.

साप कोणता होता

बूमस्लँग, शास्त्रीय नाव डिस्फोलिडस टायपस. सहाराच्या दक्षिणेकडे मोठ्या प्रदेशात, विशेषतः झाडं असलेल्या गवताळ रानात आढळतो. पूर्ण वाढलेला साप साधारण सव्वा ते दीड मीटर असतो. नर बहुधा हिरवे, मादी तपकिरी, पिल्लं करड्या-तपकिरी रंगाची. डोळे डोक्याच्या मानाने खूप मोठे, आणि पिल्लांचे तर पाचूसारखे हिरवे. दिवसा झाडावर फिरतो. शॅमेलिऑन सरडे, पक्षी, पक्ष्यांची अंडी हे त्याचं खाणं. स्वभाव लाजाळू, माणसाची चाहूल लागली की फांद्यांत दिसेनासा होतो. फारच कोंडी झाली तर मान फुगवतो आणि मग चावतो. म्हणूनच त्याच्या चाव्याच्या नोंदी पाहिल्या तर सापडतात ते बहुतेक साप हाताळणारेच लोक. सफारीला गेलेल्या पर्यटकाला तो दिसला तरी भाग्य म्हणायचं.

नाग किंवा घोणस यांच्या विषदंतांची जागा जबड्यात पुढे असते. बूमस्लँगचे विषदंत मागे, डोळ्याच्या खाली असतात, आणि त्यांना नळी नसून खाच असते. मागे दात असलेल्या सापाला माणसाचं बोट नीट तोंडात घेऊन चावत राहावं लागतं, तेव्हा कुठे विष जातं, असा समज तेव्हा होता आणि आजही आहे. बूमस्लँगला तो लागू पडत नाही. त्याचा जबडा जवळपास १७० अंशांपर्यंत उघडतो, त्यामुळे मागचा दात पहिल्याच फटक्यात रुतू शकतो.

हा साप धोकादायक आहे, हे १९५७ मध्ये नव्याने कळायचं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ संग्रहालयाचे एफ. डब्ल्यू. फिट्झसिमन्स यांनी त्याच्या विषाच्या परिणामांविषयी १९०९ मध्येच लिहिलं होतं. श्मिट यांच्यासारख्या अभ्यासकाला ते ठाऊक नसेल, असं मानायला जागा नाही.

मग अडलं कुठे? एका खवल्यावर. शेपटी जिथून सुरू होते, तिथे पोटाच्या बाजूला विष्ठाद्वार झाकणारा खवला असतो. बूमस्लँगमध्ये तो दुभागलेला असतो. या पिल्लात तो अखंड होता. डोक्याची ठेवण, अंगावरचा रंग बूमस्लँगसारखाच, पण हा खवला जुळत नव्हता. संग्रहालयातले सहकारी डॉ. रॉबर्ट इंगर यांच्याशी यावरच चर्चा चालली होती, आणि त्यांच्याच हातून श्मिट यांनी साप घेतला. कुठलीही खबरदारी मनात न आणता घेतला, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. सापाने तत्काळ डाव्या अंगठ्याच्या मांसल भागाला चावा घेतला. तोंड पूर्ण उघडं होतं, मागचेच दात लागले, आणि त्यातलाही फक्त उजवा दात पुरता आत गेला. खोली सुमारे तीन मिलिमीटर.

ओळख पटली नव्हती, हे खरं. पण समोर दोन शक्यता होत्या आणि त्यांतली एक जीवघेणी होती. अशा वेळी वागायचं ते वाईट शक्यतेला धरून. आपल्याकडे फुरसं की मांजऱ्या, मण्यार की कवड्या, असा घोळ रोज होतो. तिथेही नियम हाच.

टिपणं काय सांगतात

संध्याकाळी साडेचार ते साडेपाच: जोराची मळमळ, उलटी नाही. या वेळात श्मिट उपनगरी गाडीने होमवुडला, आपल्या घरी निघाले होते.

साडेपाच ते साडेसहा: हुडहुडी, अंग थरथरणं, पाठोपाठ १०१.७ अंश फॅरनहाइट ताप. साडेपाचच्या सुमारास तोंडातून रक्त यायला लागलं, बहुतेक हिरड्यांतून.

इथे थांबायला हवं. चावा अंगठ्याला आहे आणि रक्त हिरड्यांतून येतं आहे. याचा अर्थ एकच होतो. विष अंगठ्यापुरतं राहिलेलं नाही, ते सगळ्या अंगात पसरलं आहे आणि रक्ताची गोठण्याची ताकद जाऊ लागली आहे. कोकणातल्या ज्या डॉक्टरांनी फुरशाच्या चाव्याचे रुग्ण पाहिले आहेत, ते ही एक खूण दिसली की पुढचं काही विचारत बसत नाहीत. माझ्या मते प्रकरणाचा निकाल या ओळीपाशी लागला, आणि ही ओळ तर चावल्यानंतर पहिल्या काही तासांतली आहे.

रात्री साडेआठला श्मिट यांनी दुधात भिजवलेल्या टोस्टचे दोन तुकडे खाल्ले. नऊ ते बारा वीस झोप चांगली लागली. बारा वीसला लघवी झाली ती बहुतांश रक्ताची, तीही थोडीशी. पहाटे साडेचारला पेलाभर पाणी प्यायले आणि जोरात उलटी झाली, रात्रीचं न पचलेलं अन्न बाहेर पडलं. त्यानंतर खूप बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं आहे, आणि ते साडेसहापर्यंत झोपले.

२६ सप्टेंबर, सकाळी साडेसहा: ताप उतरून ९८.२. न्याहारीला सीरिअल, टोस्टवर अंडी, सफरचंदाचा गर, कॉफी. लघवी होत नव्हती, दर तीनेक तासांनी औंसभर रक्त जात होतं. तोंडातून आणि नाकातून रक्त चालूच होतं, पण फार नाही, असं त्यांनी नोंदवलं. टिपण इथे संपतं.

सकाळी त्यांनी संग्रहालयात दूरध्वनी करून आपण दुसऱ्या दिवशी कामावर येऊ, असं कळवलं. दुपारच्या जेवणानंतर दीडच्या सुमारास उलटी झाली, त्यांनी पत्नीला हाक मारली. ती पोहोचेपर्यंत ते घामाने भिजले होते आणि प्रतिसाद देत नव्हते. रुग्णालयात नेल्यावर तीन वाजता मृत्यू झाल्याचं जाहीर करण्यात आलं. श्वास बंद पडला होता. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, हृदय, मेंदू, सगळीकडे रक्तस्राव आढळला.

पोप यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली आहे. साप लहान होता, एकच दात लागला होता, म्हणून सगळेच आशेवर होते. ही आशा अगदी २६ तारखेपर्यंत टिकून राहिली. म्हणजे गोठत नसलेल्या रक्तापेक्षा चाव्याच्या खोलीला जास्त वजन दिलं गेलं.

रक्तात काय चाललं होतं

बूमस्लँगच्या विषातली विकरं (एन्झाइम्स) रक्त गोठवण्यात भाग घेणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला चेतवतात. जखम नसताना शरीरभर, रक्तवाहिन्यांच्या आतच गोठण्याची क्रिया सुरू होते. बारीक बारीक गुठळ्या बनतात, विरघळतात, पुन्हा बनतात, आणि या खटाटोपात गुठळी बनायला लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन संपून जातं. साठा संपला की जिथे जिथे बारीकशी इजा असेल, तिथून रक्त पाझरू लागतं. हिरड्यांना रोज थोडीफार इजा होतच असते, म्हणून सुरुवात बहुधा तिथून होते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या अडकतात आणि लघवी बंद पडते. शेवटी मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होतो.

विषाचं प्रमाण इथे गौण ठरतं. एका सापाकडे असतंच मुळी काही मिलिग्रॅम विष. पण विकर स्वतः खर्ची न पडता काम करत राहतं. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, आणि लागायला वेळ लागतो तो लागतोच, तसं हे आहे. ‘लहान साप, एकच दात’ हा हिशेब या विषापुढे चालत नाही.

आता फसवणूक कुठे होते ते पाहू. नागाचा चावा दुखतो, सुजतो, पापण्या जड होतात. घोणशीच्या चाव्याने हात टम्म फुगतो. बूमस्लँगच्या चाव्यावर बरेचदा ना मोठी सूज, ना वेदना. मळमळ, डोकेदुखी येते आणि जाते. ताप चढतो, उतरतो. रुग्णाला झोप लागते, भूक लागते. मोठा रक्तस्राव व्हायला कधी एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. श्मिट यांना उलटीनंतर बरं वाटलं ते खरंच वाटलं असणार. ताप ९८.२ वर आला तोही खरा. पण त्या क्षणी त्यांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं असतं, तर ते गोठलं नसतं.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत जी २० मिनिटांची चाचणी करतात, ती हेच पाहते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त वाहिलं तर विष रक्तावर काम करत आहे. तालुक्याच्या ठिकाणी, वीज नसतानाही होणारी चाचणी आहे ही. आणि पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून सुटलो, असंही नाही. ठरावीक अंतराने ती पुन्हा पुन्हा करायची असते.

दुसरं प्रकरण, आणि आपल्याकडचे साप

श्मिट यांच्यानंतर १८ वर्षांनी जर्मनीत असंच घडलं. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयाचे रॉबर्ट मर्टेन्स हेही जगप्रसिद्ध सर्पतज्ज्ञ. त्यांनी पाळलेला आफ्रिकेतला काटकी साप, थेलोटॉर्निस, त्यांना चावला. हाही झाडावरचा, मागे विषदंत असलेला, रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवणारा. १८ दिवस यातना भोगून ऑगस्ट १९७५ मध्ये ते गेले. या सापावर प्रतिविष तेव्हा नव्हतं, आजही नाही.

दोघेही आपल्या क्षेत्रातले शिखरावरचे लोक. दोघांनाही मारलं ते मागे दात असलेल्या सापांनी. अशा सापांना आपण निमविषारी म्हणून मोकळे होतो. महाराष्ट्रात या गटातले हरणटोळ आणि मांजऱ्या सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. हरणटोळ चावला तर थोडी सूज, बधिरपणा येतो, माणूस दगावत नाही, हे अनुभवाने सिद्ध आहे. त्याची उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. पण त्या एका सापावरून सगळ्या गटाविषयी मत बनवणं धोक्याचं आहे. दात कुठे आहेत यावरून विष किती जहाल आहे, हे ठरत नाही. जपानमधला यामाकागाशी नावाचा पाणदिवडासारखा साप कित्येक काळ निरुपद्रवी समजला जात होता. त्याच्या चाव्याने माणसं दगावल्यावर त्याचा अभ्यास झाला आणि प्रतिविष तयार झालं. त्याचा नातलग, लाल मानेचा कीलबॅक, ईशान्य भारतात आढळतो. आपले काही सर्पमित्र हल्ली अरुणाचल, आसामकडे रात्रीच्या साप-भ्रमंतीला जातात. तिथे गवतातून उचललेला सुंदर, शांत साप हातावर खेळवतानाचे फोटो मी पाहतो, तेव्हा जीव खालीवर होतो.

प्रतिविषाच्या बाबतीतही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ‘लस आहे ना’ एवढ्यावर लोक निश्चिंत होतात. मुंबईच्या हाफकिनसह भारतातल्या संस्थांनी बनवलेलं बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी असतं. आफ्रिकेतल्या बूमस्लँगवर त्याचा काही उपयोग नाही. एवढंच कशाला, दक्षिण आफ्रिकेचं स्वतःचं बहुविध प्रतिविष मांबा, नाग, रिंखाल्स, पफ ॲडर, गबून व्हायपर यांच्यावर चालतं, बूमस्लँगवर नाही. त्याच्यासाठी जोहान्सबर्गला वेगळं, एकाच सापाचं प्रतिविष तयार होतं. ते मिळणं सोपं नसतं. पण मिळालं तर चावा होऊन बराच काळ लोटला असला तरी काम करतं, आणि काही तासांत रक्त पुन्हा गोठू लागतं. केनिया, टांझानिया, क्रूगर या वाऱ्या करणाऱ्या आपल्या लोकांनी घाबरून जावं असं यात काहीच नाही. गाडीत बसून, वाटाड्याचं ऐकून फिरणाऱ्याला बूमस्लँग चावत नाही. हौसेने साप उचलणाऱ्याला चावतो. आणि तसं झालंच, तर वाटाड्याच्या पेटीतलं बहुविध प्रतिविष टोचून घेण्यापेक्षा, रक्ताच्या तपासण्या होतील अशा मोठ्या रुग्णालयात पोहोचणं आणि तिथून जोहान्सबर्गशी संपर्क होणं महत्त्वाचं.

वाचले असते का?

हा प्रश्न प्रशिक्षणात प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. १९५७ मध्ये बूमस्लँगचं प्रतिविष फक्त दक्षिण आफ्रिकेत होतं. तिथून शिकागोला ते विमानाने आणायचं तर श्मिट यांच्याकडे तेवढे तास नव्हते. ते चोवीस तासांच्या आत गेले. तेव्हा वाचलेच असते, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण रुग्णालयात ताजं रक्त देता आलं असतं. गाडीचा प्रवास, जिन्यांची चढ-उतर टळली असती. श्वास अडखळला तेव्हा शेजारी डॉक्टर असते. बूमस्लँगच्या चाव्यातून प्रतिविषाशिवाय, नुसत्या रक्तावर तगलेली माणसं आहेत. संधी होती, ती घेतली गेली नाही, एवढं मात्र म्हणता येतं.

उपचार घेतले तर लक्षणांच्या नोंदीत बिघाड होईल, म्हणून त्यांनी डॉक्टर नाकारला, असं सांगितलं जातं. तेच कारण असेल तर ते विज्ञानाच्या अंगानेही टिकत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे मोजण्याच्या पद्धती त्या काळी सर्रास वापरात होत्या. रुग्णालयात दर दोन तासांनी हा वेळ मोजला गेला असता, फायब्रिनोजेन किती उरलं ते तपासलं गेलं असतं, लघवीचं मोजमाप झालं असतं. घरच्या टिपणात मळमळ, थंडी, न्याहारी आणि ‘फार नाही’ असा रक्ताचा अंदाज आहे. बूमस्लँगचं विष रक्ताचं नेमकं काय करतं, हे कळायला त्या रात्री रक्तच तपासायला हवं होतं, आणि तेवढी एकच गोष्ट नोंदवायची राहिली.